पावणेतीन एकर

२०२४च्या ४ जानेवारीला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावातल्या एका बागेला शेकडो पोलिसांनी वेढा घातला. आत ठाण मांडून बसलेल्या आंदोलकांना त्यांनी बाहेर काढलं, काहींना अटक केली. मागोमाग ट्रक येऊ लागले. बंदरावर दिसतात तसले मालवाहू कंटेनर त्यांच्यावरून उतरवून एकावर एक असे दोन थरांत रचले जात होते. एकूण १६० कंटेनर लागले. काम संपलं तेव्हा बागेच्या चारही बाजूंना पोलादी तट उभा राहिला होता.

एवढा बंदोबस्त ज्या जागेसाठी झाला, ती भरते जेमतेम पावणेतीन एकर. नाव पीपल्स पार्क, मालकी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची. विद्यापीठाला तिथे सुमारे अकराशे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. कितीतरी वर्षं हीच जागा गावातल्या बेघर माणसांचा हक्काचा, म्हणजे निदान सवयीचा, विसावा होती. त्या पावणेतीन एकरांवरून गाव पंचावन्न वर्षं भांडत आलं आणि त्या भांडणात एका माणसाचा जीवही गेला.

बागेत तंबू ठोकून राहणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न एकट्या बर्कलीचा नाही. ऑरेगनमधलं युजीन, कोलोरॅडोतलं बोल्डर, इंडियानातलं ब्लूमिंग्टन, अशी विद्यापीठाभोवती वसलेली कितीतरी अमेरिकन गावं गेली काही वर्षं याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येत आहेत. ब्लूमिंग्टनमध्ये २०२०-२१च्या हिवाळ्यात ज्या सेमिनरी पार्कमधले तंबू उठवले गेले, त्याच जागेवर कधीकाळी इंडियाना विद्यापीठाचा पहिला वर्ग भरला होता. युजीनने महामारीच्या काळात उड्डाणपुलाखालच्या एका मोठ्या बागेत लोकांना राहू दिलं आणि २०२२मध्ये ती रिकामी केली. बोल्डरचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. सार्वजनिक जागेत झोपताना अंगावरच्या कपड्यांपलीकडे ऊनपावसापासून बचाव करणारं काहीही वापरलं, तर ते ‘आसरा’ ठरतं आणि गुन्हा होतो. त्या हिशेबात पांघरूणही आलं. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, जिथे थंडीत पारा शून्याखाली जातो, तिथला हा कायदा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकलेलं बरं. या गावांमध्ये भांडण बागेवरून चालतं, पण बागेतला तंबू हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधीचे सगळे टप्पे, म्हणजे घरं किती बांधायची, कुठे बांधायची आणि कुणासाठी, गावाने स्वतःच्या मतांनी ठरवलेले असतात. बर्कलीत हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे प्रत्येक टप्प्याची नोंद आहे.

बर्कली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठावर आहे. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या भरली सव्वा लाखाच्या किंचित आत, आणि विद्यापीठातले विद्यार्थी आहेत ४५ हजारांच्या आसपास. यातल्या जेमतेम पाव विद्यार्थ्यांना विद्यापीठ राहायला जागा देतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या आवारांमध्ये हे प्रमाण सर्वांत कमी आहे. उरलेले गावात खोल्या शोधतात. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही पुढचं गणित समजावून सांगावं लागणार नाही. चार विद्यार्थी दोन खोल्यांत राहून जेवढं भाडं जमवतात, तेवढं हॉटेलात भांडी घासणाऱ्या किंवा म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या एकट्या माणसाला परवडत नाही. घरमालक साहजिकच विद्यार्थ्यांना पसंती देतो. भाडं त्यांच्या ऐपतीने ठरतं, विद्यार्थ्यांच्याही नाकी नऊ येतात, आणि ज्याची ऐपत सर्वांत कमी तो यादीतून खाली घसरत घसरत एक दिवस बाहेर पडतो. २०१७च्या विद्यापीठाच्याच पाहणीत दहातल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की शिकत असताना कधी ना कधी आपल्यावर बेघर होण्याची पाळी आली होती. मित्राच्या सोफ्यावर, गाडीत, जमेल तिथे त्यांनी रात्री काढल्या होत्या. बागेतला माणूस आणि वर्गातला माणूस यांच्यातलं अंतर आपण समजतो तेवढं नसतं.

आता बागेकडे येऊ. टेलिग्राफ अव्हेन्यू हा विद्यापीठाच्या दारातून निघणारा, पुस्तकांच्या नि कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानांनी गजबजलेला रस्ता. त्याच्या मागच्या अंगाला, हेस्ट स्ट्रीट आणि ड्वाइट वे यांच्यामध्ये, एकेकाळी जुनी लाकडी घरं होती. स्वस्त खोल्या, त्यांत विद्यार्थी, कलाकार, चळवळे. विद्यापीठाने १९५०च्या दशकापासूनच या पट्ट्यावर नजर ठेवली होती. १९६७मध्ये सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार वापरून सुमारे १३ लाख डॉलरला ती जमीन घेतली आणि पुढच्या वर्षी घरं पाडली. कारण काय सांगितलं होतं? विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी आणि इतर कामांसाठी जागा हवी. मग पैसे आटले. तिथे चिखल साठला, लोक मोडक्या गाड्या आणून सोडू लागले. म्हणजे राहती घरं पाडून रिकामी केलेल्या या जमिनीवर घरं बांधायला पुढे अर्धशतकाहून जास्त काळ लागला. पीपल्स पार्कबद्दल बोलताना सगळे १९६९पासून सुरुवात करतात. मला १९६८चं हे पाडकाम तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

१९६९च्या एप्रिलमध्ये ‘बर्कली बार्ब’ या बंडखोर साप्ताहिकात एक आवाहन छापून आलं, की रविवारी फावडी-कुदळी घेऊन या, आपण बाग करू. २० एप्रिलला शेकडो लोक जमले. हिरवळीचे गालिचे अंथरले, झाडं लावली, मुलांसाठी खेळणी उभी केली. कुणी परवानगी मागितली नाही. मोठ्या चुलीवर स्वयंपाक होऊ लागला. विद्यार्थी, हिप्पी, शेजारपाजारची कुटुंबं असे सगळेच येऊ लागले.

तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते रोनाल्ड रीगन. बर्कलीचं विद्यापीठ सरळ करू, या आश्वासनावर ते १९६६ची निवडणूक जिंकले होते. १५ मेच्या पहाटे पोलिसांनी बाग ताब्यात घेऊन कुंपण घातलं. दुपारी विद्यापीठाच्या स्प्राउल प्लाझावर सभा झाली आणि हजारो लोक टेलिग्राफ अव्हेन्यूवरून बागेकडे निघाले. दगडफेक झाली, अश्रुधूर झाला आणि मग काउंटीच्या शेरीफच्या शिपायांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. नुसते पाखरं मारायचे बारीक छरे नव्हते, हरणाच्या शिकारीची जड काडतुसंही होती. एका इमारतीच्या गच्चीवर उभा असलेला जेम्स रेक्टर हा २५ वर्षांचा तरुण जखमी झाला आणि चार दिवसांनी वारला. ॲलन ब्लँचर्ड या सुताराचे डोळे गेले. शंभराहून अधिक लोक इस्पितळात पोचले. रीगन यांनी नॅशनल गार्डचे सैनिक बोलावले, २० मे रोजी हेलिकॉप्टरमधून विद्यापीठाच्या आवारावर अश्रुधूर सोडला गेला. महिनाअखेर सुमारे तीस हजार लोकांनी शांतपणे मोर्चा काढला. गावाची लोकसंख्या लक्षात घेतली तर हा आकडा थक्क करणारा आहे.

ज्या जागेवर रक्त सांडतं, तिथे नंतर साधी वीटसुद्धा निमूटपणे रचता येत नाही. १९७२मध्ये लोकांनी कुंपण उखडलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी विद्यापीठाने एका कडेला पैसे घेऊन पार्किंग सुरू करायचा घाट घातला, तर लोकांनी डांबर खणून काढलं आणि तिथे वाफे केले. १९८४मध्ये नगरपालिकेने जागेला वारसास्थळाचा दर्जा दिला. १९९१मध्ये विद्यापीठाने वाळूची व्हॉलीबॉल मैदानं केली, त्यावरून दंगल झाली, आणि काही वर्षांत ती मैदानं मुकाट्याने काढावी लागली.

या सगळ्या काळात बागेत येणारी माणसं मात्र बदलत गेली. १९६९ची पिढी पदव्या घेऊन, घरं विकत घेऊन टेकडीवर राहायला गेली. बागेत उरले ते ज्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्यांच्या मागे आणखी एक कायदा होता. रीगन यांनीच १९६७मध्ये सही केलेल्या लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायद्याने मनोरुग्णांना त्यांच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवणं अवघड केलं. कायद्यामागचा हेतू माणुसकीचा होता, आणि जुन्या मनोरुग्णालयांची अवस्था पाहता तो हवाच होता. पण रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी गावोगावी उपचार केंद्रं उभी राहतील, असं जे गृहीत धरलं होतं, त्याला पुरेसे पैसे कधी मिळाले नाहीत. त्यात स्वस्त लॉजच्या खोल्या देशभर पाडल्या जात होत्या. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या रस्त्यांवर एकाएकी एवढी बेघर माणसं दिसू लागली, त्यामागे ही कारणं आहेत.

पीपल्स पार्कचा दिवस कसा असे? ‘फूड नॉट बॉम्ब्स’चे कार्यकर्ते दुपारी मोठी पातेली घेऊन येत, भात, डाळ, भाजी, सॅलड असं गरम शाकाहारी जेवण रांगेत वाढत, आणि रांगेतल्या कुणाला काही विचारत नसत. जुने कपडे ठेवायची एक पेटी होती. हवे ते कपडे घ्यावेत, नको ते ठेवावेत. ही पेटी विद्यापीठाने कितीदा हलवली आणि लोकांनी कितीदा परत बसवली, त्यावरूनही भांडणं झाली. एक लाकडी व्यासपीठ होतं, त्यावर वर्धापनदिनी गाणीबजावणी व्हायची. बुद्धिबळाचे डाव रंगायचे. रात्री दहाला मात्र बाग बंद. पोलीस फेरी मारून सगळ्यांना उठवत. दिवसभर हिरवळीवर पहुडलेली माणसं सामान उचलून समोरच्या फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, चर्चच्या ओसरीत रात्र काढत आणि सकाळी परत येत. तंबूंची वस्ती म्हणतो तशी तिथे वसली ती २०२०च्या महामारीत. तंबू उठवले तर माणसं पांगतील आणि रोग पसरेल, म्हणून त्यांना आहेत तिथेच राहू द्यावं, असा केंद्रीय आरोग्य यंत्रणेचा सल्ला होता. निवाऱ्यांतली गर्दीही कमी करावी लागली होती. झाडांखाली तंबू वाढत गेले.

त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. त्या खऱ्या होत्या, आणि तंबूवाल्यांबद्दल कळवळा असलेल्यांनी त्या उडवून लावू नयेत असं मला वाटतं. बागेत मारामाऱ्या झाल्या, आगी लागल्या, सुया सापडल्या. आसपासच्या वसतिगृहांत राहणाऱ्या १८-१९ वर्षांच्या मुली तो रस्ता टाळत. लहान मुलांना घेऊन तिथे खेळायला जावं असं कुणाला वाटत नव्हतं, आणि दक्षिण आवाराच्या त्या दाटीवाटीच्या भागात दुसरी मोकळी जागा जवळपास नव्हतीच. शिवाय या गुन्ह्यांची सर्वांत जास्त झळ कुणाला बसली, तर तंबूत झोपणाऱ्यांनाच. झिप लावलेल्या कापडामागे कुणी सुरक्षित नसतं.

दुसऱ्या बाजूला जुने चळवळे होते, वारसा जपणारे होते, झाडांसाठी लढणारे होते, आणि वसतिगृह नको असलेले सुखवस्तू शेजारीही होते. ही सगळी माणसं एका बॅनरखाली उभी राहिली, याचं मला कौतुकही वाटतं आणि खंतही. कौतुक अशासाठी, की त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं रोज स्वयंपाक करून त्या रांगेत वाढत आले होते. ते नुसतं बोलत नव्हते. खंत अशासाठी, की ‘बाग वाचवा’ या घोषणेत तंबूतल्या माणसाला कायम तंबूतच राहावं लागणार होतं. दोन्ही बाजू त्याच्या नावाने बोलत. २०१२मध्ये व्यापारी पेठांमधल्या फुटपाथवर दिवसा बसायला बंदी घालणारा प्रस्ताव बर्कलीच्या मतदारांसमोर आला होता. तो थोडक्या मतांनी फेटाळला गेला. गाव म्हणून बर्कलीचं मन कायम असं अर्धंअर्धं राहिलं आहे.

एक दावा अशा प्रत्येक सभेत ऐकू येतो. ही माणसं बाहेरून येतात, इथलं हवामान चांगलं, इथले लोक दयाळू, म्हणून इथे जमतात. २०२३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या डॉ. मार्गो कुशेल यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या बेघरांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. दहातल्या नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच सुटलं होतं. प्रौढांचं मध्यम वय ४७ होतं. घर सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाची मध्यम मासिक मिळकत होती ९६० डॉलर. या भागात तेवढ्यात एक खोलीही मिळत नाही. व्यसन आणि मनोविकार यांचा वाटा आहेच, पण तो दोन गावांमधला फरक समजावून सांगत नाही. ग्रेग कोलबर्न आणि क्लेटन पेज ऑल्डर्न यांनी २०२२मध्ये एका पुस्तकात हेच दाखवलं. वेस्ट व्हर्जिनियात अमली पदार्थांनी कहर केला आहे, तरी तिथे बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियापेक्षा खूप कमी आहे. कारण तिथे घरं स्वस्त आहेत. व्यसनी माणूसही तिथे चार भिंतींच्या आत असतो.

मग बर्कलीत घरं का नाहीत? याचं उत्तर १९१६पर्यंत मागे जातं. त्या वर्षी बर्कलीने काही वस्त्यांमध्ये एका भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर बांधता येईल असा नियम केला. अमेरिकेत असा नियम करणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. गोऱ्या वस्तीत आशियाई आणि कृष्णवर्णीय येऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब त्या काळी कुणी फारसा लपवलाही नव्हता. १९७३मध्ये मतदारांनी ‘वस्ती संरक्षण’ कायदा मंजूर करून नवी बांधकामं आणखी अवघड केली, आणि या वेळी पुढाकार पुरोगाम्यांचा होता. बिल्डरांनी जुनी सुंदर घरं पाडून कुरूप इमारती उभ्या करू नयेत, अशी त्यांची रास्त इच्छा होती. परिणाम मात्र तोच झाला. २०२१मध्ये नगर परिषदेने १९१६च्या धोरणाची वांशिक पाळंमुळं मान्य केली आणि ते मोडीत काढण्याचा ठराव केला. मधे एक शतक गेलं होतं.

विद्यापीठाने पीपल्स पार्कवरच्या वसतिगृहाची योजना मांडली, तेव्हाच्या कुलगुरू कॅरल क्रिस्ट यांनी त्यात एक वेगळी गोष्ट घातली होती. अकराशे खाटांच्या जोडीला बेघर आणि अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी १२५ छोटी घरं, तिथेच समुपदेशन आणि वैद्यकीय मदत, निम्म्याहून जास्त जागा मोकळी हिरवी, आणि १९६९चं स्मारक. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाने स्वतःच्या जमिनीवर विद्यार्थ्यांशेजारी बेघरांसाठी कायमची घरं बांधायची तयारी दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. योजना २०२१मध्ये मंजूर झाली आणि लगेच कोर्टात गेली.

कोर्टातलं हत्यार होतं पर्यावरण कायद्याचं, आणि तो १९७०चा कायदाही रीगन यांच्याच सहीचा. कारखाने, धरणं, महामार्ग बांधण्याआधी त्यांचे परिणाम तपासावेत म्हणून तो केला होता. बर्कलीत तो विद्यार्थ्यांवर चालवला गेला. आधी २०२१मध्ये एका शेजारी-संघटनेच्या दाव्यावरून विद्यापीठाला प्रवेशसंख्या गोठवायचे आदेश झाले. २०२२च्या सुरुवातीला हजारो मुलांचे प्रवेश जायची वेळ आली, तेव्हा विधिमंडळाने काही दिवसांत कायदा बदलला. मग २०२३च्या फेब्रुवारीत अपील कोर्टाने पीपल्स पार्कचं काम थांबवलं. विद्यार्थी रात्री पार्ट्या करतील, त्या आवाजाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास विद्यापीठाने केला नाही, असं एक कारण होतं. दुसरं, पर्यायी जागांचा विचार केला नाही. माणसांचा आवाज हे प्रदूषण ठरलं, तर जिथे माणसं राहतील असं काहीही बांधता येणार नाही. विधिमंडळालाही तसंच वाटलं. बर्कलीच्याच आमदार बफी विक्स यांनी आणलेल्या दुरुस्तीवर सप्टेंबरमध्ये गव्हर्नरची सही झाली. जानेवारीत कंटेनर आले. ६ जून २०२४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला. या वादाची धग इतकी होती, की योजनेला पाठिंबा देणारा त्या भागाचा तरुण नगरसेवक रिगेल रॉबिन्सन त्याच जानेवारीत छळाला कंटाळून राजीनामा देऊन मोकळा झाला.

या कोलाहलात एक गोष्ट मात्र नीट झाली. २०२२मध्ये, बाग रिकामी करण्याआधीच, नगरपालिकेने राज्याच्या मदतीने रोडवे इन नावाचं एक मोटेल भाड्याने घेतलं आणि त्यातल्या चाळीसेक खोल्या बागेतल्या माणसांना देऊ केल्या. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, दाराला कुलूप, स्वतःची न्हाणी. खर्चाचा वाटा विद्यापीठानेही उचलला. बागेत वर्षानुवर्षं निवारा नाकारणाऱ्यांपैकी अनेक जण तिथे गेले. ‘यांना आत यायचंच नसतं’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जाई, त्यांना नको होती ती पन्नास खाटांची दालनं, जिथे सकाळी सातला बाहेर काढतात, कुत्र्याला घेत नाहीत, जोडीदाराला वेगळं करतात आणि उशाशी ठेवलेला फोन पहाटेपर्यंत राहील याची खात्री नसते. त्याच वर्षी गावाच्या मध्यभागी, जिथे आधी पालिकेचं पार्किंग होतं, तिथे परवडणाऱ्या घरांच्या शेजारी ‘होप सेंटर’ उघडलं. त्यात बेघरांसाठी ५३ कायमची घरं आणि खाली निवारा. बर्कलीतल्या बेघरांची मोजदाद २०२२मध्ये १,०५७ होती, ती २०२४मध्ये ८४४वर आली. खोल्या दिल्या की आकडा उतरतो.

२०२४च्याच उन्हाळ्यात देशाचा कायदा उलट्या दिशेने वळला. २०१८पासून पश्चिमेकडच्या राज्यांत बॉइझी या आयडाहोतल्या विद्यापीठी शहराच्या खटल्यातला निकाल लागू होता. निवाऱ्यात जागा शिल्लक नसेल, तर बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा करणं म्हणजे राज्यघटनेने मना केलेली क्रूर शिक्षा. मग ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास या ३८-४० हजार वस्तीच्या गावाचं प्रकरण वर गेलं. तिथे बागेत पांघरूण घेऊन झोपलं तरी २९५ डॉलर दंड, पुन्हा सापडलं तर बागेत यायला बंदी, ती मोडली तर ३० दिवसांपर्यंत तुरुंग. ज्याच्याकडे खोलीचं भाडं नाही, त्याने दंड कुठून भरायचा, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गॉर्सच यांचं म्हणणं, की दंड कृत्याला आहे, परिस्थितीला नाही, आणि असे प्रश्न कोर्टांनी नाही तर गावांनी सोडवावेत. न्यायमूर्ती सोटोमायॉर यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं, की झोप ही शरीराची गरज आहे, ती गुन्हा होऊ शकत नाही.

मराठी वाचकाला इथे मुंबईची आठवण होणं अटळ आहे. १९८१च्या भर पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचा आदेश दिला होता आणि पत्रकार ऑल्गा टेलिस कोर्टात गेल्या होत्या. १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, फुटपाथवर राहणारा तिथे राहतो कारण काम जवळ असतं. तरीही झोपड्या काढायची मुभा पालिकेला मिळाली. फक्त नोटीस द्या, बाजू ऐकून घ्या, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हात लावू नका. दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी शेवटी जागा रिकामी करायला परवानगीच दिली. पण हटवण्याआधी समोरच्या माणसाचं म्हणणं ऐकावं आणि ऋतू पाहावा, एवढी जाण मुंबईच्या निकालात आहे. मला ती लहान गोष्ट वाटत नाही.

ग्रँट्स पासनंतर महिन्याभरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी तंबू हटवण्याचा आदेश काढला. सप्टेंबरमध्ये बर्कलीच्या नगर परिषदेने राशी केसरवानी यांनी मांडलेलं धोरण मंजूर केलं. आगीचा धोका, आरोग्याचा धोका, रस्त्याचं काम अशी कारणं असतील, तर निवाऱ्याची जागा देऊ केलेली नसतानाही तंबू उठवता येतील. विद्यार्थिनी असतानाच विद्यापीठाच्या भागातून नुकत्याच निवडून आलेल्या नगरसेविका सेसिलिया लुनापारा यांनी विरोधात मत दिलं. केसरवानी ज्या पश्चिम बर्कलीच्या प्रतिनिधी, तिथले रहिवासी आणि छोटे उद्योजक वर्षानुवर्षं दारातली घाण, उंदीर, आगी यांना तोंड देत आले आहेत. त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण तिथून उठवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत असतो, आणि त्या उठवाउठवीत त्याचं ओळखपत्र, औषधं, घराच्या प्रतीक्षायादीचे कागद कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेलेले असतात. मदत करणाऱ्या कार्यकर्त्याला त्याला पुन्हा शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

अलीकडे तंबूंवरून वाद पेटला तो ओहलोनी पार्कमध्ये, भुयारी रेल्वेच्या वरच्या लांबट हिरव्या पट्ट्यावर. शेजारची कुटुंबं मुलांना तिथे खेळायला पाठवायचं की नाही यावर भांडू लागली. या बागेचा उगमही १९६९चाच. पीपल्स पार्कला कुंपण पडल्यावर आंदोलकांनी रेल्वेच्या या रिकाम्या जागेत झाडं लावली आणि तिला पीपल्स पार्कची पुरवणी म्हटलं. पुढे रीतसर नगरपालिकेची बाग झाली.

पीपल्स पार्कच्या जागेवर न्यायालयाच्या निकालानंतर काम सुरू झालं. विद्यार्थ्यांची इमारत आधी. बेघरांसाठीच्या १२५ घरांचं काम स्वतंत्र होतं, त्याचे पैसे वेगळे उभे करायचे होते, आणि ती बांधायला ठरवलेली पहिली ना-नफा संस्था कोर्टकज्ज्यांच्या वर्षांतच बाहेर पडली होती. खटले लढवणाऱ्यांना बाग वाचवता आली नाही. त्या खटल्यांत वर्षं गेली, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली ती या १२५ घरांना. वसतिगृहाचे मजले चढू लागले, तेव्हा त्या घरांचा पाया खणायचाच होता.